तळव्याची जखम आणि नॅनो सिल्व्हरची शीट: लावावी का, लावली तर कशी

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. सासरे ६१ वर्षांचे, १४ वर्षांपासून मधुमेह. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभ्यानं काम. उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जो फुगवटा असतो तिथे, रुपयाच्या नाण्याएवढी जखम. अडीच महिने झाले, रोज बीटाडीन लावून पट्टी होते, जखम वाढत नाही आणि भरतही नाही. आता ड्रेसिंग करणारे म्हणतात, चांदीच्या नॅनो कणांची शीट लावा, पंधरा दिवसांत भरेल. मेडिकलवाला म्हणतो, शीट कशाला, जेल घ्या, तेच आहे. शीट महाग आहे. घ्यावी का, घेतली तर घरी कशी लावायची, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ती चालते का, असं तुम्ही विचारलंय.

आधी थेट उत्तर. शीट फसवी नाही, काम करते. पण तिचं काम एकच, जखमेतले जंतू कमी करणं. कातडी ती आणत नाही, ती शरीरालाच आणावी लागते. जखम जंतूंमुळे अडली असेल तर दोन आठवड्यांत फरक दिसेल. अंगाच्या भारामुळे अडली असेल तर शीट बदलत राहाल आणि जखम जिथल्या तिथे राहील. जागा ऐकून माझा पहिला संशय भारावरच जातो. जखम समोर नसताना याहून ठाम बोलता येत नाही, म्हणून कशावरून काय ठरवायचं ते सांगते.

चांदीत असं काय आहे? घरातली पैंजणं काळी पडतात ती गंधकामुळे. चांदीला गंधकाची ओढ असते. जंतूंच्या प्रथिनांतही गंधक असतं. चांदीचे आयन, म्हणजे तिच्यापासून सुटलेले विद्युतभार असलेले कण, त्यालाच जाऊन चिकटतात, जंतूचं आवरण आणि आतला कारभार बिघडतो आणि तो मरतो. अडचण अशी की धातूच्या पृष्ठभागावरूनच आयन सुटतात. एक घन सेंटिमीटर चांदी घ्या, म्हणजे सराफाकडची साधारण दहा ग्रॅम. तिचा पृष्ठभाग फक्त ६ चौरस सेंटिमीटर. तीच चांदी १० नॅनोमीटरच्या तुकड्यांत फोडली तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. चांदी तेवढीच, पण आयन सोडायला जागा दहा लाख पट. 'नॅनो'ची सगळी करामत एवढीच. एक सामान्य जंतू साधारण १,००० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे असे शंभर कण त्याच्या लांबीवर ओळीनं बसतील.

हा उपयोग नवा नाही. १९६५ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या वापरल्याचं प्रसिद्ध झालं. त्या सतत ओल्या ठेवाव्या लागत आणि चादरीपासून फरशीपर्यंत सगळं काळं होई. १९६८ मध्ये १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आलं, जे आजही भाजल्यावर सर्रास लावतात. त्या मलमात नॅनो कण नसतात, हे लक्षात ठेवा, कारण दुकानात दोन्हीला 'सिल्व्हर'च म्हणतात. नॅनो स्फटिकांची शीट १९९० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट बरेल यांच्या कामातून आली. तिचा फायदा असा की चांदीचा साठा शीटवरच असतो, आयन हळूहळू सुटत राहतात, आणि पट्टी रोज उघडावी लागत नाही. भाजलेल्या माणसाला रोजची पट्टी म्हणजे रोजचा छळ असतो. तिथे ही शीट मला मनापासून आवडते.

मधुमेही पायाच्या जखमेत मात्र माझा हात आखडतो, आणि त्याला कारणं आहेत. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत शिरांच्या दोषामुळे पायाला होणाऱ्या जखमा असलेले २१३ रुग्ण घेतले. निम्म्यांना चांदीचं ड्रेसिंग, निम्म्यांना बिनचांदीचं. १२ आठवड्यांनी भरलेल्या जखमांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की जखम भरावी एवढ्यासाठी जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नका. दुसरीकडे, २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं चांदी वापरायची रीत ठरवली: स्थानिक जंतुसंसर्गाची लक्षणं असतील तरच, आणि सुरुवातीला दोन आठवड्यांसाठी. नंतर पुन्हा बघायचं. मी चालते ती या दुसऱ्या रस्त्यानं, पण पहिलं वाक्य डोक्यात ठेवून.

आता सासऱ्यांचा तळवा. शीट विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी, भार. चौदा वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना बहुधा गेलेली असते. तुम्ही-आम्ही खडा टोचला की पाय उचलतो. ते बारा तासांच्या शिफ्टमध्ये त्याच फुगवट्यावर उभे राहतात आणि त्यांना काही कळत नाही. जखमेच्या कडेला जाड, पिवळसर घट्टा आहे का बघा. असेल तर भाराचा पुरावा तिथेच आहे. घट्टा स्वतः खड्यासारखा टोचतो, शिवाय जखमेच्या कडा दाबून धरतो, म्हणून तो दर आठ-पंधरा दिवसांनी तासावा लागतो. हे घरी ब्लेडनं करायचं काम नाही. आणि ज्याला दुखत नाही तो माणूस चालतो. दिवसभर जपून रात्री चार वेळा बाथरूमला अनवाणी गेलं तरी दिवसाची कमाई जाते. सिद्धेश्वराच्या देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं, वारीत दोन मुक्काम पायी जाणं, हे सध्या बंद. देव समजून घेईल, तळवा घेणार नाही.

भार काढायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, पायाला नेमकं बसवलेलं प्लास्टर. भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, आणि काढता येत नसल्यामुळे रुग्णाला फसवाफसवी करता येत नाही. रक्तपुरवठा ठीक असेल आणि संसर्ग नसेल तर अशा बऱ्याच साध्या जखमा सहा-आठ आठवड्यांत भरतात, कुठल्याही चांदीशिवाय. पण रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखम चिघळलेली असेल तर हे प्लास्टर घालत नाहीत. मग गुडघ्याखालपर्यंतचा काढता येणारा बूट, किंवा जखमेची जागा मोकळी सोडून आजूबाजूला चिकटवलेलं फेल्ट, म्हणजे जाड नमदा. काहीच जमत नसेल तर निदान माग सोडून बसून करायचं काम मागून घ्या. मालकाला सांगायला जड जातं, मला कल्पना आहे.

दुसरी, रक्त. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर डॉपलर (रक्ताचा प्रवाह आवाजानं ओळखणारं यंत्र) लावून काढतात. ०.९ च्या खाली गेलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटा वाढतो, १.३ च्या वर आला तर खूश होऊ नका, अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. तो ३० च्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायचं, शीटचा विषय नंतर. नुसतं 'नाडी लागते' एवढ्यावर अडीच महिन्यांची जखम सोडू नये.

तिसरी, हाड. डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालतात. तळाशी टक्क असं कठीण काही लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची दाट शक्यता असते. एक्स-रे काढतातच, पण हाड सडायला लागल्यावर एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी पुन्हा काढावा लागतो. अंगठा सुजून गोल, लाल झाला असेल तर संशय आणखी पक्का. हाडातल्या संसर्गापर्यंत चांदी पोचत नाही. हे सगळं सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत होतं, वेळ जाईल पण होईल.

चौथी, जखमेचा तळ. लाल, दाणेदार, ओलसर मांस असेल तर छान. पिवळा-पांढरा, पुसला तरी न निघणारा चिकट थर असेल, तर त्यात जंतूंनी स्वतःभोवती बुळबुळीत पांघरूण केलेलं असतं. त्याला बायोफिल्म म्हणतात. चांदी त्या पांघरुणातून नीट आत जात नाही. आधी तो थर सर्जननं खरवडून काढायचा. काढल्यावर बायोफिल्म एक-दोन दिवसांत पुन्हा जमू लागतो, आणि नेमक्या त्या काळात शीट कामाची. म्हणजे खरवडणं आणि शीट ही जोडगोळी आहे. खरवडल्याशिवाय लावलेली शीट म्हणजे शेणानं सारवलेल्या भिंतीला वरून रंग देणं.

साखर आणि प्रथिनं यांबद्दल तुम्हाला सगळेच सांगत असतील, मी लांबवत नाही. फक्त, 'डायबेटिस आहे म्हणून' जेवण तोडून नुसत्या भाकरी-ठेच्यावर काढू नका. डाळ, अंडी, मूठभर शेंगदाणे पाहिजेतच, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

तर शीट कधी? जखमेतून पाणी वाढलंय, वास येतोय, मांस मळकट लाल होऊन हात लावला की रक्त येतंय, पण आजूबाजूची लाली दोन सेंटिमीटरच्या आत आहे आणि ताप नाही: अशा वेळी खरवडून दोन आठवडे शीट लावायला माझी हरकत नाही. जखम गुलाबी, स्वच्छ आणि कडेनं पातळ कातडी सरकतेय, तर शीट नको, कारण चांदीला जंतू आणि नवी पेशी यांतला फरक कळत नाही. नव्या कातडीच्या पेशींनाही ती काही प्रमाणात त्रास देते. आणि लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे पसरली, ताप आला, थंडी वाजली, बोट काळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं, कधी ऑपरेशन. शीट लावून 'दोन दिवस बघू' म्हणण्यात पाय जातात.

समजा तपासून झालं आणि शीट लावायचं ठरलं. आता कशी लावायची ते नीट वाचा, कारण शीट वाया जाते ती इथेच.

पाकीट घेताना माप बघा. तुमच्या जखमेला ५ × ५ सेंटिमीटरची पुरते. पुष्कळ लोक १० × १० ची घेऊन चार तुकडे करतात आणि तीन तुकडे त्याच पाकिटात घालून स्टेपल मारून फ्रिजवर ठेवतात. पाकीट उघडलं की निर्जंतुकपणा संपला. पुढच्या वेळी तुम्ही घरची धूळ जखमेवर ठेवता. पाकिटावर लॉट नंबर, एक्स्पायरी, निर्जंतुक केल्याची पद्धत आणि उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक असायला हवा. नुसतं 'नॅनो' मोठ्या अक्षरांत आणि बाकी काही नाही, असं पाकीट परत करा.

हात साबणानं धुवा, ग्लोव्ह घाला. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाईननं भिजवून पाच मिनिटं थांबा. मग २० मिलीची सिरिंज सलाईननं भरून, सुई न लावता, जखम धुवा. पाच-सहा सिरिंज, म्हणजे १०० मिलीच्या आसपास. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तो नव्या मांसाचंही नुकसान करतो. बीटाडीन आता बंद: त्यातलं आयोडीन आणि चांदी एकत्र आले की सिल्व्हर आयोडाइड होऊन दोघंही बसून जातात. इतके दिवस लावत आला असाल तर पहिल्या दिवशी जखम जरा जास्त धुवा.

आता मुख्य गोष्ट. नॅनो स्फटिकांची शीट कोरडी असताना जवळजवळ झोपलेली असते. आयन सुटायला पाणी लागतं. ते पाणी सलाईनचं नको. सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ, त्यातलं क्लोराइड सुटलेल्या चांदीला लगेच धरून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनवतं, आणि लावण्याआधीच चांदीचा काही भाग निकामी होतो. जखमेच्या पाण्यातही क्लोराइड असतंच, पण साठा शीटवर असल्यामुळे ती हळूहळू भरपाई करते. सुरुवातच मिठानं करू नये एवढाच मुद्दा. म्हणून सलाईननं धुतल्यावर शेवटची एक सिरिंज निर्जंतुक साध्या पाण्याची मारा, निर्जंतुक गॉजनं टिपून घ्या, आणि शीटही त्याच पाण्यानं भिजवा. मेडिकलमध्ये 'स्टराईल वॉटर फॉर इंजेक्शन' म्हणून ५ किंवा १० मिलीच्या कुप्या मिळतात, एक-दोन पुरतात. काही घरांत 'डिस्टिल्ड वॉटर' सांगितलं म्हणून गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणतात. नाव तेच, पण ते निर्जंतुक नसतं. तो कॅन स्कूटरसाठी ठेवा.

शीट निर्जंतुक गॉजवर ठेवून भिजवा आणि दोन मिनिटं निथळू द्या. ओलसर हवी, टपकणारी नको. जखमेच्या आकाराला कापा, चांगल्या कातडीवर फार तर अर्धा सेंटिमीटर जाईल एवढी. कोणती बाजू खाली ते पत्रकात दिलेलं असतं. निळी बाजू असेल तर बहुतेक वेळा ती. जखम खोलगट असेल तर शीट तळाला टेकली पाहिजे. नुसती तोंडावर पुलासारखी पसरली तर खालचे जंतू मजेत राहतात, कारण आयन फार लांब जात नाहीत. खड्डा असेल तर शीट हलकेच आत बसवा आणि वर ओलसर गॉज सैल ठेवा. ठासू नका, ठासलेली पट्टी रक्त अडवते.

वरची पट्टी पातळ ठेवा. तळव्याच्या जखमेवर कापसाचा मोठा गड्डा बांधला की तो चपलेत खड्याचं काम करतो. म्हणजे भार काढायच्या नादात वाढवला. पातळ फोमची पट्टी सगळ्यात बरी, ती पाणीही शोषते आणि शीट सुकूही देत नाही. वर सैल बँडेज.

आणि मग तीन दिवस शीटला हात लावायचा नाही. बहुतेक नॅनो स्फटिक शीट तीन दिवसांसाठी असतात, काही सात दिवसांसाठीही असतात, पाकिटावर बघा. रोज नवी शीट लावणं म्हणजे दोन तृतीयांश पैसे कचऱ्यात. अपवाद एकच: पाणी बाहेर झिरपलं, वास आला किंवा पट्टी मळली तर आधी उघडा.

उन्हाळ्याचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण पत्रकं लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना बघितलेला नसतो. ४२-४३ अंशांत, कोरड्या हवेत, डोक्यावर फरफरणाऱ्या पंख्याखाली नुसत्या गॉजनं झाकलेली शीट एका दिवसात कडक होते. कडक शीट काम करत नाही, आणि काढताना नवं मांस सोलून आणते. म्हणून रोज संध्याकाळी फक्त वरची पट्टी उचलून बघा. शीट सुकली असेल तर न हलवता तिच्यावर एक-दोन मिली निर्जंतुक पाणी सोडा. उलट, पाय दिवसभर बुटात घामेजला तर कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या होतात, भिजलेल्या बोटांसारख्या. मग पाणी कमी करा किंवा जास्त शोषणारा फोम घ्या. एका घरात दोन्ही प्रकार होऊ शकतात, दुपारी सुकतं, बुटात भिजतं. बघून ठरवायचं. न वापरलेल्या शीट कपाटात सावलीत ठेवा, पत्र्याच्या छताखालच्या खिडकीत नकोत.

शीट काढल्यावर जखम आणि कडा करड्या-काळ्या दिसतील. घाबरून लोक रात्री दवाखान्यात धावतात, गँगरीन झालं म्हणून. चांदीचा डाग वरचा असतो, ओल्या गॉजनं पुसला की निदान थोडा निघतो आणि खाली लाल मांस दिसतं. पाय गरम असतो. गँगरीनचं काळं आत मुरलेलं असतं, पुसून जात नाही, दिवसागणिक सरकतं, बोट गार पडतं किंवा सडका वास येतो. शंका आली तर फोटो काढून ठेवा आणि सकाळी दाखवा. वास किंवा गार बोट असेल तर सकाळची वाट बघू नका. लावल्यावर काहींना थोडा वेळ चुरचुरतं. तुमच्या सासऱ्यांना बहुधा काहीच जाणवणार नाही, आणि 'त्रास नाही' याचा अर्थ 'ठीक आहे' असा इथे घेऊ नका.

शीटखाली काय लावू नये: व्हॅसलीन, पॅराफिनची जाळी, तेल, कसलंही तुपट मलम. तेलाचा थर मध्ये आला की पाणी पोचत नाही आणि आयन सुटत नाहीत. पपईच्या एन्झाइमचं मलम चालू असेल तर तेही थांबवा, चांदी ते एन्झाइम निकामी करते. हळद, चुना, तंबाखू, राख यांबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण आजी घरात असते. एमआरआय काढायचा झाला तर आधी पट्टीत चांदी आहे हे सांगा, ती काढून जातात. चांदीची ॲलर्जी असेल तर अर्थातच शीट नाही. एवढ्या लहान जखमेतून रक्तात जाणारी चांदी फार थोडी. मोठ्या भाजलेल्या जागेवर, लहान मुलांत किंवा गरोदरपणात मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको.

मेडिकलवाल्याच्या जेलबद्दल. ते अगदी चुकीचं नाही, पण 'तेच' नाही. जेलमध्ये कण पाण्याच्या आधारात तरंगत असतात, साठा कमी, म्हणून रोज, कधी दोनदा लावावं लागतं. उथळ, कोरड्या, वेड्यावाकड्या जखमेवर सोयीचं, कारण ओलावा त्याचं त्यातच असतो. पाणी सुटणाऱ्या जखमेवर ते वाहून जातं आणि कडा भिजवतं. दोन-तीन मिलिमीटरचा थर पुरतो, टूथपेस्टसारखी वळवळ नको. शीट आणि जेल दोन्ही एकाखाली एक लावू नका. जेलवर आणि शीटवर लिहिलेले पीपीएमचे (दहा लाख भागांत चांदीचे किती) आकडेही एकमेकांशी ताडून बघू नका. एकात एकूण चांदी सांगतात, दुसऱ्यात सुटणारी. अल्जिनेट किंवा हायड्रोफायबरच्या चांदीच्या पट्ट्या वेगळ्याच. त्या जखमेचं पाणी पिऊन जागतात, म्हणून पाणी सुटणाऱ्या जखमेवर कोरड्याच लावतात. तुमची कोणती ते नुसत्या नावावरून कळत नाही, पत्रकावरच बघा.

झिंक ऑक्साइड, तांबं, सोनं, कायटोसन, अगदी हळदीतल्या कर्क्युमिनचे नॅनो कण यांच्या बातम्या तुम्हाला कुणीतरी पाठवतीलच. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नॅनो करून ते जखमेत पोचवायची कल्पना चांगली आहे. पण यातलं बहुतेक काम उंदरांवर झालेलं आहे. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्याची जखम मुख्यतः आक्रसून बंद होते. आपल्या तळव्याची जखम कडेनं नवी कातडी सरकत येऊन भरते. 'उंदरात सात दिवसांत भरली' या वाक्याचा मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तळव्याशी फारसा संबंध नाही.

आता एक पेच, जो कुणी सांगत नाही. प्लास्टर घातलं तर दर तीन दिवसांनी शीट बदलता येत नाही. शीट लावत राहिलात तर प्लास्टर लांबतं. माझा क्रम असा असतो: खरवडणं, मग दोन आठवडे शीट आणि काढता येणारा बूट, जखम स्वच्छ झाली की शीट बंद, साधी फोमची पट्टी आणि वर प्लास्टर. म्हणजे शीट हा प्लास्टरपर्यंत पोचायचा पूल. ज्यांची जखम पहिल्यापासून स्वच्छ आहे त्यांना या पुलाची गरजच नाही.

फरक पडतोय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा जखमेवर धरून पेननं कड आखा, तारीख घाला. किंवा सगळ्यात लांब आणि त्याला काटकोनात सगळ्यात रुंद, असं मोजून गुणाकार करा. आज २.५ × २ म्हणजे ५. दोन आठवड्यांनी वास, पाणी आणि मळकटपणा कमी झाला पाहिजे. आकार फार नाही घटला तरी चालेल. चार आठवड्यांनी हा आकडा अडीचच्या आसपास किंवा खाली आला पाहिजे. चार आठवड्यांत निम्मी न झालेली मधुमेही पायाची जखम बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी असते, आणि तेव्हा ड्रेसिंगचा ब्रँड बदलायचा नसतो, भार, रक्त आणि हाड पुन्हा तपासायचं असतं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर तिसऱ्या आठवड्याची शीट घेऊ नका.

वापरलेली शीट चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. पिशवीत बांधून ड्रेसिंगला जाल तेव्हा तिथल्या पिवळ्या पिशवीत द्या.

जखम बंद झाल्यावर मागावर लगेच उभं करू नका. वरून कातडी आली तरी खालचं मांस महिनोन्महिने कच्चं असतं. मऊ एमसीआर (बारीक हवेच्या छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल पायाच्या मापानं करून घ्या, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एकेक तास वाढवत, आणि प्रत्येक वेळी काढून तळवा बघायचा. त्यांना स्वतःला वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर तुम्ही बघा. न उघडलेल्या शीट उरल्या असतील तर पुढच्या जखमेसाठी जपून ठेवू नका. बिल असेल तर मेडिकलवाला बहुधा परत घेईल, विचारून बघा.